रस्ता देणे आहे

बाळाच्या आईचं मागणं फार मोठं नव्हतं. तिला दुपारचा एक तास हवा होता. अख्खा दिवस नको, माहेरी आठवडा नको, थंड हवेचं ठिकाण तर नकोच नको. एक तास. आणि त्या तासाचं काय करायचं हेही तिचं पक्कं ठरलेलं होतं. एक रहस्यकथा होती, तिचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. बंगल्याच्या म्हाताऱ्या मालकाचा खून झालेला. उधळ्या भाचा, घाऱ्या डोळ्यांचा डॉक्टर, कधीच न हसणारी मेहुणी आणि मालकाचा मृदुभाषी सेक्रेटरी, सगळे दिवाणखान्यात गोळा केलेले. इन्स्पेक्टर घसा खाकरून म्हणतो, "मंडळी, खुनी याच खोलीत आहे!" आणि बरोबर त्याच वाक्याला तिला कळा सुरू झाल्या.

पुस्तक उशीखाली राहिलं, ती दवाखान्यात गेली. बाळ झालं. बाळ पालथं पडलं, पुढे सरकलं, बसायला लागलं, भिंतीचा रंग खाऊन पाहू लागलं. ती बिचारी मंडळी मात्र अजून त्या दिवाणखान्यात ताटकळत उभी होती आणि इन्स्पेक्टरचं वर उचललेलं बोट खाली यायला तयार नव्हतं.

नवऱ्याने तेच पुस्तक उशीखालून काढून नेऊन दवाखान्याच्या बाकावर बसून वाचून संपवलं होतं आणि परत जागेवर ठेवलं होतं. हे त्याने करायला नको होतं. त्याहून वाईट म्हणजे तेव्हापासून घरात शब्दाला शब्द लागला की तो हळूच विचारायचा, "सांगू का कोण ते?" की हिची बोलती बंद. नवऱ्यांच्या भात्यात नाना बाण असतात, पण असा रामबाण फार थोड्यांना लाभला असेल.

आता एक तास मिळायचा तर बाळ झोपायला हवं. सासूबाईंचं मत होतं की मूल मांडीवरच झोपवावं, मांडीवर झोपलेली मुलं पुढे शांत स्वभावाची होतात. त्या बाळाला मांडीवर घेऊन अंगाई म्हणत आणि दुसऱ्या कडव्याला त्यांना स्वतःला गाढ झोप लागे. बाळ त्यांच्या चष्म्याची काडी चोखत तिसऱ्या कडव्याची वाट बघत बसे.

मग राहिली बाबागाडी. घरातून निघालं की चार घरं जाईपर्यंत बाळाच्या पापण्या जड व्हायच्या. मूठ सैल पडायची, ओठ दूध पितानासारखे दोनदा हलायचे, आणि अख्ख्या जगावर विश्वास ठेवल्यासारखी त्याची मान एका बाजूला कलायची. ते पाहून तिचा जीव इतका भरून यायचा की पुढे बघायचं राहून जायचं. आणि पुढे तर बघायलाच हवं होतं, कारण पुढे रस्ता होता.

रस्ता म्हणजे काय, बिल्डरने घरं विकताना केलेला आणि घरं विकून झाल्यावर विसरलेला. तो गल्लीच्या मालकीचा आहे ही गोष्ट पहिली काही वर्षं सगळ्यांना फार अभिमानाची वाटे. मग त्याला खड्डे पडले आणि तो आपल्या मालकीचा आहे हे एकेक जण विसरू लागला. खड्ड्यांना नावं पडली होती. एक 'परात', एक 'पायपुसणं'. सगळ्यात मोठा खड्डा गल्लीच्या तोंडाशी, दातांच्या डॉक्टरांच्या फाटकासमोर होता. तो सगळ्यांत शेवटी आला आणि सगळ्यांत जास्त छळायचा, म्हणून त्याला 'अक्कलदाढ' म्हणत. परातीपाशी बाळ दचके, पायपुसण्यापाशी ओठ काढे आणि अक्कलदाढेशी असा टाहो फोडे की डॉक्टरांच्या खुर्चीतला पेशंट, आपली पाळी अजून यायची आहे हे विसरून, त्याला साथ देई.

गल्लीची वार्षिक सभा शिकवणीच्या बाईंच्या वर्गात भरायची. मोठमोठे गृहस्थ पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसत, त्यामुळे कोणाचंही भाषण लांबत नसे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांचं आणि शिकवणीच्या बाईंचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, कारण बाईंच्या विद्यार्थ्यांच्या सायकली डॉक्टरांच्या फाटकाला टेकत. पण सभेचं काम अडायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, "खिडकी उघडावी असं कोणीतरी त्यांना सांगा." बाई म्हणायच्या, "उघडीच आहे असं त्यांना कळवा." आणि मध्ये बसलेला माणूस मान इकडून तिकडे हलवत राहायचा.

विषय एकच होता. नगरपालिकेने आपला रस्ता ताब्यात घ्यावा आणि नीट करावा. सगळ्यांचं एकमत. एवढ्यात बाळाने सूर लावला, म्हणून बाळाची आई त्याला घेऊन अंगणात गेली. फेऱ्या मारताना तिला आतून टाळ्या ऐकू आल्या. आत आली तर सगळे तिच्याकडे बघून हसत होते.

"अभिनंदन, सेक्रेटरीबाई," डॉक्टर म्हणाले.

"कोण? मी? अहो, पण मी तर बाहेर होते!"

"म्हणूनच. हजर असलेला माणूस नाही म्हणतो, असा आपला अनुभव आहे."

आधीचे सेक्रेटरी पाणी प्यायला उठले होते म्हणून निवडून आले होते. तेव्हापासून या सभेत घसा कोरडा पडला तरी कोणी हलत नसे. बाळाच्या आईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण रडतं मूल आणि लोकशाही यांत मुलाचंच चालतं.

तिनेही मनात हिशेब मांडला. रस्ता गुळगुळीत झाला, की बाळ झोपणार. बाळ झोपलं, की इन्स्पेक्टरचं बोट खाली येणार. "करते मी," ती म्हणाली. आपण कशाला हो म्हणतोय याची माणसाला कल्पना असती, तर जगातली निम्मी कामं झालीच नसती.

घरी आल्यावर सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. जगातले सगळे प्रश्न, न सुटलेले आणि नीट पत्ता न लिहिलेले, असे दोनच प्रकारचे असतात असं ते मानत. "सूनबाई, एक लक्षात ठेव. जे काय पाठवायचं ते रजिस्टरने पाठवायचं. पोच घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

त्यांनी स्वतःच पहिला अर्ज रजिस्टरने पाठवला. पुष्कळ दिवसांनी नगरपालिकेचं रजिस्टर आलं: 'अर्जदाराने समक्ष यावे.' नगरपालिका चालत जाण्याच्या अंतरावर होती. पण सासरे खूश. "बघ, पोच आली की नाही?" असं म्हणून त्यांनी ते पाकीट देवाच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं.

मग ती समक्ष गेली. समक्ष म्हणजे बाळासकट, बाबागाडीसकट, दुधाची बाटली, दुपटं आणि रंगीत खुळखुळ्यासकट. खिडकीतल्या बाई मान खाली घालूनच म्हणाल्या, "कुठला रस्ता हवाय?"

"हवा नाहीये. द्यायचाय."

बाईंनी मान वर केली. नुसती वर केली नाही, चांगली खिडकीबाहेर काढली. "द्यायचाय?"

"हो. आमचा रस्ता. तुम्हाला."

"इथे सगळे मागायला येतात हो," बाई जरा गहिवरून म्हणाल्या. "देण्याची खिडकीच नाही आमच्याकडे."

शोधाशोध झाली. झाडांच्या खात्यात पाठवलं, कारण रस्त्याकडेला झाडं असतात. झाडांनी दिव्यांकडे पाठवलं. दिव्यांनी सांडपाण्याकडे पाठवलं. आणि सांडपाण्याच्या खात्यात पंख्याखाली डुलकी घेणाऱ्या गृहस्थांनी "रस्ता म्हणजे खिडकीतल्या बाई" असं सांगून वर्तुळ पूर्ण केलं. या सगळ्या प्रवासात, नगरपालिकेच्या त्या लांबलचक, तुळतुळीत फरशीवर, बाळ टक्क जागं असायचं. ते कारकुनांशी बोलायचं, शिक्क्यांकडे झेपावायचं. सांडपाणीवाल्या गृहस्थांची डुलकी तर त्याने दोनदा मोडली. घरच्या रस्त्याला लागल्यावर मात्र ते गाढ झोपी जायचं. दमत असेल बिचारं, असं तिला वाटायचं.

शेवटी खिडकीतल्या बाईंनीच नियमांचं पुस्तक कुठूनसं काढलं आणि त्यावरची धूळ बाळाच्या दिशेने जाणार नाही अशा बेताने झटकली. "हे बघा. रस्ता सुस्थितीत पाहिजे. खड्डे चालणार नाहीत."

"अहो, खड्डे आहेत म्हणून तर देतोय!"

"आम्ही रस्ता घेतो, खड्डे घेत नाही. खड्डे आमचे आमच्याकडेच पुष्कळ आहेत."

"पण चांगला असता तर आम्ही कशाला दिला असता?"

यावर बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं. "आणि दुसरं म्हणजे, रस्ता सार्वजनिक वापरात पाहिजे. बाहेरची माणसं येतात-जातात का?"

बाळाच्या आईच्या डोळ्यांपुढे गल्लीच्या तोंडाशी असलेली पाटी उभी राहिली. 'खासगी रस्ता. बाहेरच्यांना सक्त मज्जाव. हुकमावरून.' डॉक्टरांनी ती स्वतःच्या हाताने रंगवली होती. हुकूम कोणाचा हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण त्या पाटीच्या जोरावर गल्लीने बाहेरच्यांना असं काही हुसकावून लावलं होतं, की हल्ली पोस्टमनसुद्धा कोपऱ्यावरून हाका मारायचा.

"येतात की," ती म्हणाली. "खूप येतात."

"मग आमचे साहेब येऊन पाहणी करतील."

पाहणीची तारीख ठरली आणि गल्लीचं धाबं दणाणलं. आधी पाटी काढायची होती. डॉक्टर शिडीवर चढले, पण हात उचलेना. "पहिला स्क्रू दुसऱ्या कोणीतरी काढा हो," ते म्हणाले. पाटी शेवटी त्यांच्या न्हाणीघरात लागली. त्यामुळे न्हाणीघराला एक दरारा आला एवढाच काय तो फायदा.

दरम्यान बाळाची आई घरोघर हिंडत होती. कोणाची सही हवी, कोणाची समजूत काढायची, कोणाच्या शंकेला उत्तर द्यायचं. "नगरपालिकेचा रस्ता झाला म्हणजे नगरपालिका अंगणात येणार का?" "आमच्या दारापुढचा तेवढा तुकडा आमच्याकडेच ठेवता येईल का?" या साऱ्या फेऱ्यांत बाळ गाडीत शहाण्यासारखं झोपलेलं असायचं. परात गेली, पायपुसणं गेलं, अक्कलदाढेत गाडी पार आडवी झाली, तरी हूं की चूं नाही. ज्या तासासाठी हा रस्ता हवा होता, तो तास रोज हा रस्ताच खात होता. पण थोडेच दिवस, ती स्वतःला म्हणायची. एकदा हा रस्ता गळ्यातून उतरला, की तो तास आपलाच.

राहिला प्रश्न बाहेरच्या माणसांचा. ती आणायची कुठून? डॉक्टरांचे पेशंट आणि बाईंचे विद्यार्थीसुद्धा गल्लीतलेच. तोडगा नवऱ्याने काढला. "आपणच व्हायचं," तो म्हणाला.

"काय व्हायचं?"

"जनता."

शिकवणीच्या बाईंच्या वर्गात जनतेची तालीम झाली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरासमोरून जायचं. नमस्कार करायचा नाही, परकी माणसं नमस्कार करत नाहीत. कोणाच्या खिडकीत डोकावायचं नाही, ते शेजारी करतात. सासूबाईंनी वाट चुकलेल्या बाईची भूमिका मागून घेतली आणि आठवडाभर आरशासमोर चुकण्याचा सराव केला. डॉक्टरांनी आपल्या दवाखान्याच्या पाटीवर चादर टाकली. राहत्या घरात दवाखाना कसा, असं साहेबांनी विचारलं तर? "त्या दिवशी मी डॉक्टर नाही," ते म्हणाले. "मी एक सामान्य पादचारी आहे."

पाहणीच्या दिवशी साहेब आले. जीप त्यांनी बाहेरच उभी केली. साहेब तरुण होते, शिस्तीचे होते आणि कागद छातीशी धरून चालत होते. बाळाची आई बाबागाडी ढकलत त्यांच्या शेजारून चालली. आणि जनता सुटली.

सुटली म्हणजे अक्षरशः सुटली. ज्यांनी एरवी एकमेकांकडे पाठ फिरवली असती, ते त्या दिवशी मात्र घाबरून एकमेकांना नमस्कार करू लागले. "काय, ओळखलंत का?" असं एकाने दुसऱ्याला विचारलं. दुसऱ्याने "मुळीच नाही!" असं ठणकावून सांगितलं, आणि वर "गुडघा कसा आहे?" हेही विचारलं. सामान्य पादचारी काखेत छत्री मारून गेले. मग डोक्यावर टोपी घालून परत आले. तिसऱ्यांदा टोपी हातात आणि छत्री उघडी, असे आले.

"हे गृहस्थ तिसऱ्यांदा चाललेत," साहेब म्हणाले.

"आमच्याकडे वर्दळच फार, साहेब."

एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. चेहऱ्यावर आठवडाभराचा सराव. "अहो, जरा ऐकता का? मी वाट चुकलेय. एक पत्ता सांगाल?"

"कोणाकडे जायचंय आजी?" साहेब आदराने वाकले.

सासूबाईंना सगळं पाठ होतं, फक्त हा प्रश्न कोणी तालमीत विचारला नव्हता. त्या गोंधळल्या. "माझ्याकडेच," त्या म्हणाल्या. मग सावरून त्यांनी बाळाच्या गालाला हात लावला, "सूनबाई, याला ऊन लागतंय बघ," असं बजावलं आणि परकेपणाने निघून गेल्या.

साहेबांनी कागदाची घडी घातली. "बाई, तुमची धडपड मला दिसतेय. पण बाहेरचं एकही माणूस मला दिसलेलं नाही. आणि खड्ड्यांबद्दल न बोललेलंच बरं. मला नकार लिहावा लागेल."

सेक्रेटरीबाईंनी मान ताठ ठेवली. गेले कित्येक महिने त्या झाडांकडून दिव्यांकडे आणि दिव्यांकडून सांडपाण्याकडे ताठ मानेने गेल्या होत्या. पण आत बाळाची आई होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नगरपालिकेसाठी नव्हे. दिवाणखान्यात उभ्या असलेल्या त्या मंडळींसाठी. आता ती जन्मभर उभीच राहणार होती.

साहेब जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने गाडी वळवायला मागे घेतली ती गल्लीच्या तोंडात, आणि मागचं चाक अक्कलदाढेत गेलं. मोठा आवाज झाला. जीप उसळली, आपटली आणि शांत झाली. थोड्या वेळाने दार उघडून साहेब खाली उतरले. कागद कुठे होते कोण जाणे. दोन्ही हात गालावर होते.

"दात," ते म्हणाले. "दातातलं सिमेंट पडलं."

साऱ्या जनतेने श्वास रोखून सामान्य पादचाऱ्याकडे पाहिलं. पादचाऱ्याच्या मनात काय कालवाकालव झाली असेल ते दातांचा डॉक्टरच जाणे. एकीकडे चादर, दुसरीकडे उघडी पडलेली दाढ. अखेर त्यांच्या तोंडून, जणू त्यांच्या इच्छेविरुद्ध, शब्द निघाले, "आ करा बघू."

पुढचं सगळं भराभर झालं. चादर ओढली गेली, साहेब खुर्चीत आडवे झाले, आणि मदतीची मुलगी रजेवर असल्याने दिवा धरायला कोणी नव्हतं. डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांत जवळ शिकवणीच्या बाई होत्या. मध्ये निरोप पोचवणारा कोणी नव्हता.

"जरा दिवा धरता का?" डॉक्टर म्हणाले.

"धरते की," बाई म्हणाल्या. "डावीकडे अजून एक किडलाय त्यांचा."

"बघितला मी. नजर चांगली आहे तुमची."

कित्येक वर्षांचं मौन असं एका परक्या माणसाच्या तोंडात सुटलं. बाळाची आई गाडी पुढे-मागे हलवत दारात उभी होती. काम झाल्यावर साहेबांनी चूळ भरली, गाल चाचपला आणि भिंतीवरची दातांची चित्रं पाहिली. "डॉक्टर, इथे बाहेरचे पेशंट येतात का हो?"

डॉक्टर जमिनीवर पडलेल्या चादरीची घडी घालू लागले.

"आता आलेच की, साहेब," बाळाची आई हळूच म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गालावर हात ठेवून ते हसू लागले. जितकं दुखत होतं तितकं हसत होते. तिथेच खुर्चीत बसून त्यांनी नवा कागद मागवला आणि लिहिलं, की सदर रस्त्याचा वापर बाहेरच्या नागरिकांना करावा लागतो हे स्वानुभवाने दिसून आलं, आणि त्याची सध्याची स्थिती त्याच नागरिकांना इजा पोचवणारी असल्याने रस्ता तातडीने ताब्यात घेऊन दुरुस्त करावा. सासऱ्यांनी त्यांना एकच विनंती केली. "रजिस्टरने पाठवाल ना?"

रोड रोलर आला त्या दिवशी गल्लीत कोणी घरात बसलं नाही. काळाभोर, चकचकीत रस्ता. लोक त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसे दुरून, कौतुकाने बघत होते. पहिले दोन दिवस कडेकडेनेच चालत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाच्या आईने थर्मासमध्ये चहा भरला, पुस्तक बाबागाडीच्या उशीखाली घातलं आणि केस जरा नीट केले. एवढ्या महिन्यांनी भेटायचं तर इन्स्पेक्टरसमोर अवतारात कसं जायचं?

गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालली. चार घरं गेली. बाळ तिच्याकडे बघत होतं. गल्लीचं तोंड आलं, ती वळली. बाळ झाडांकडे बघत होतं. दुसरी फेरी, तिसरी फेरी. बाळ आता हसत होतं. बुबुळं स्वच्छ, चेहरा तजेलदार, जणू कोणीतरी तोंडावर पाणी मारून उठवलंय.

त्या दिवशी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर नाही.

"दात येत असतील," डॉक्टर म्हणाले. ते कशालाही दातच म्हणत. शिकवणीच्या बाईंनी त्याला पाढे ऐकवून पाहिले, त्यांच्या वर्गात पाढ्यांनी हमखास झोपा लागत. सासूबाईंनी मांडीवर घेतलं आणि स्वतः झोपल्या. संध्याकाळी नवरा तिच्याजवळ येऊन बसला. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याने पाहिली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "अगं, सांगू का कोण ते?"

या वेळी तो भांडत नव्हता, त्याला खरंच कळवळा आला होता. तिला क्षणभर मोहही झाला. मग ती म्हणाली, "खबरदार!" आणि रडू आलं म्हणून हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर फाटकात उभे दिसले. दातांचं पुन्हा ऐकायला नको म्हणून ती मोठ्या रस्त्यावरून पुढे गेली आणि शेजारच्या गल्लीत शिरली. तिथला रस्ता म्हणजे त्यांच्या जुन्या रस्त्याचा सख्खा भाऊ. पहिल्याच खड्ड्यात गाडीचं चाक धाडकन गेलं. तिने घाबरून खाली पाहिलं. बाळाच्या पापण्या खाली आल्या होत्या.

दुसरा खड्डा. मूठ सैल पडली.

तिसरा खड्डा, चांगला परातीएवढा. ओठ दोनदा हलले आणि अख्ख्या जगावर विश्वास ठेवल्यासारखी मान एका बाजूला कलली.

बाळाची आई तिथेच उभी राहिली. तिच्या सगळं लक्षात आलं. त्या घरोघरच्या फेऱ्या, त्या जडावलेल्या पापण्या, नगरपालिकेतली ती तुळतुळीत फरशी. रस्ता मिळवण्याच्या खटपटीत तिनेच त्याला खड्ड्यांची अंगाई शिकवली होती, आणि मग सगळ्या गल्लीला कामाला लावून ती अंगाई डांबराखाली गाडून टाकली होती.

"अहो बाई! थांबा, थांबा!"

तिने दचकून वर पाहिलं. डोक्यावर पाटी होती: 'खासगी रस्ता.' समोरून एक सडपातळ गृहस्थ धावत येत होते.

"तुम्ही बाहेरच्या ना?"

"हो, पण मी चुकून... जातेच मी, बाळ फक्त जरा..."

"छे छे, जाताय कुठे? चुकून कशाला, चांगल्या मुद्दाम या! रोज या! येताना कोणाला घेऊनही या!" गृहस्थांनी हात जोडले. "मी इथला सेक्रेटरी. सभेत मला जोराची शिंक आली म्हणून बाहेर गेलो होतो... ते असो. आम्हालाही आमचा रस्ता नगरपालिकेला द्यायचाय, आणि बाहेरचं माणूस म्हणून औषधालाही मिळत नाही. अहो, तुम्ही त्या पलीकडच्या गल्लीतल्या सेक्रेटरीबाई तर नव्हे? तुमचा रस्ता झाला म्हणे! कसं जमवलंत? काहीतरी सांगा ना. सुरुवात कुठून करू?"

बाळाच्या आईने गाडीत पाहिलं. झोपेत बाळाच्या एका गालाला हलकीशी खळी पडली होती. ते काही जन्मभर गाडीत झोपणार नव्हतं. चालायला लागलं, पळायला लागलं, की खड्डेही नकोत आणि गाडीही नको. तेव्हा आपण स्वतः येऊन या भल्या माणसाचं काम करून द्यायचं, असं तिने मनाशी अगदी शपथेवर ठरवलं. तोवर...

"आधी सगळं रजिस्टरने पाठवा," ती गोड आवाजात म्हणाली. "आणि पोच आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका."

"पोच," गृहस्थ तळहातावर लिहू लागले.

"मग झाडांच्या खात्यात जा. तिथून दिवे. तिथून सांडपाणी. सांडपाणीवाल्या साहेबांना मात्र झोपेतून उठवू नका, ते बरं दिसत नाही. थांबायचं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती स्वतः याच वाटेने गेली होती. दाताचं तेवढं सांगायचं राहून गेलं.

"किती उपकार झाले हो तुमचे!" गृहस्थांनी पुन्हा हात जोडले. "उभ्या का? बसा ना. खुर्ची आणतो. चहा घ्याल? आमच्या हिला सांगतो."

खुर्ची झाडाखाली आली. गृहस्थ चहाचं सांगायला आत गेले. बाळाच्या आईने बाबागाडीची पुढची चाकं खड्ड्याच्या काठावर आणली, चप्पल काढून एक पाय गाडीच्या दांडीवर ठेवला आणि हळूच रेटा दिला. चाकं आत गेली, बाहेर आली. आत, बाहेर. बाळाने झोपेत सुस्कारा सोडला. तिने उशीखालून पुस्तक काढलं.

"मंडळी, खुनी याच खोलीत आहे!"

इन्स्पेक्टरचं बोट एकदाचं हललं. तिचा संशय पहिल्यापासून भाच्यावर होता, पण बोट भाच्यावरून पुढे गेलं. डॉक्टरवरून पुढे गेलं. मेहुणीने पदर तोंडाला लावला, तिच्यावरूनही पुढे गेलं आणि थांबलं ते मृदुभाषी सेक्रेटरीवर. सेक्रेटरी! सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा, गोड बोलणारा, ज्याच्यावर घरातल्या कोणी स्वप्नातसुद्धा संशय घेतला नव्हता, तो.

काही महिन्यांपूर्वी वाचलं असतं तर ती थक्क झाली असती.

तिने पुस्तक मिटलं. पलीकडून ते भले गृहस्थ चहाचा कप दोन्ही हातांनी सांभाळत, आपलेच खड्डे चुकवत येत होते. त्यांच्याकडे बघून ती प्रसन्न हसली आणि पायाने गाडी पुन्हा अलगद खड्ड्यात ढकलली.